बेचाळीस एसट्या आणि दहा उभे

एसटीच्या एका गाडीत पन्नास माणसं बसतात असं धरू. आसनं खरं तर थोडी कमीच असतात, पण गणपतीच्या तोंडावर मुंबईहून महाड-पोलादपूरकडे निघालेल्या गाडीत आसनं मोजत कुणी चढत नाही. अशा बेचाळीस गाड्या गच्च भरल्या आणि शेवटच्या गाडीत आणखी दहा जण दांडीला धरून उभे राहिले, की माणसं होतात २,११०.

१६ मे २०१४ रोजी रायगड लोकसभा मतदारसंघाचा निकाल नेमका एवढ्याच मतांनी लागला. शिवसेनेचे अनंत गीते ३,९६,१७८. राष्ट्रवादी काँग्रेसचे सुनील तटकरे ३,९४,०६८. मतदार पंधरा लाखांच्या घरात, मत दिलेले जवळपास दहा लाख, मतदान केंद्रं दीड हजारावर. म्हणजे एका केंद्रामागे दीड मताचाही फरक नाही. आणि हेही गणित ढोबळच, कारण एक मत इकडून तिकडे गेलं की फरक दोनानं बदलतो. गीत्यांच्या मतदारांपैकी १,०५६ जणांनी धनुष्यबाणाऐवजी घड्याळापुढचं बटण दाबलं असतं, तर खासदार बदलला असता. एकवीस गाड्या आणि सहा उभे.

त्या वर्षी देशभर मोदी लाट होती. महाराष्ट्रात जिंकणारे लाखालाखाच्या फरकानं जिंकत होते. गीते त्या लाटेच्याच बाजूला होते, सलग पाच वेळा खासदार राहिलेले होते, केंद्रात मंत्रीही होऊन गेलेले होते. तरीही त्यांची दमछाक झाली. राज्यात त्या निवडणुकीत याहून कमी फरकाची जागा एकच होती. हिंगोलीत काँग्रेसचे राजीव सातव १,६३२ मतांनी निवडून आले.

लाट येते आणि इथवर पोचेपर्यंत तिचं पाणी होतं, हा या पट्ट्याचा जुनाच स्वभाव आहे.

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याचे दक्षिणेकडचे, समुद्राकडे पाठ फिरवून बसलेले तालुके. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीला मिळते. पोलादपूरहून एक रस्ता आंबेनळी घाटानं महाबळेश्वरी चढतो, दुसरा कशेडी ओलांडून खेडला, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात उतरतो. महाडहून वरंधा घाट भोरकडे जातो. रायगड किल्ला महाड तालुक्यात, तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपुरात. विधानसभेला हे दोन्ही तालुके आणि माणगावचा काही भाग मिळून महाड मतदारसंघ होतो. लोकसभेला पेण, अलिबाग, श्रीवर्धन, दापोली आणि गुहागर हे पाच सोबती जोडले जातात. पेणच्या गणपती कारखान्यांपासून गुहागरच्या सुपारीच्या बागांपर्यंत पसरलेला हा मतदारसंघ नकाशावर पाहिला तर एकजिनसी काहीच नाही. आगरी, कोळी, कुणबी, मराठा, बौद्ध, कोकणी मुसलमान, कातकरी. प्रत्येक खोऱ्यात प्रमाण वेगळं. एकच वारा सगळीकडे वाहावा अशी इथली भूमीच नाही.

थोड्या हातांनी मोठा निर्णय व्हावा, हा अनुभव महाडला लोकसभेच्या कितीतरी आधीचा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला. मूठभर सभासदांचे हात वर झाले आणि कागदावर तळं खुलं झालं. पाणी मात्र खुलं झालं नाही, म्हणून २० मार्च १९२७ चा सत्याग्रह. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. पुन्हा तेच मूठभर हात, फक्त दिशा उलटी. तळ्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात लागायला १९३७ उजाडलं. त्या काळी मताचा हक्क कर आणि मालमत्तेला बांधलेला होता. ज्यांच्या पाण्याचा प्रश्न होता, त्यांतल्या बहुतेकांना मतच नव्हतं.

१९५२ मध्ये मत सर्वांना मिळालं आणि कुलाबा (रायगडचं तेव्हाचं नाव) मतदारसंघानं पहिलाच खासदार दिला तो महाड तालुक्यात जन्मलेला. रायगडाच्या पायथ्याशी नाते नावाचं गाव आहे. चिंतामणराव देशमुख तिथले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि त्या वेळचे देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला नाकारली जात आहे म्हणून १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. पुढच्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात कुलाब्यानं काँग्रेसला नाकारून शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) राजाराम राऊत दिल्लीला धाडले. १९६२ ला पुन्हा काँग्रेस. १९६७ ला अपक्ष दत्तात्रेय कुंटे, जे पूर्वी मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. १९७१ ला काँग्रेस, १९७७ ला शेकापचे दि. बा. पाटील, १९८० ला परत काँग्रेस. इतक्या नियमितपणे पारडं वरखाली करणारे मतदारसंघ महाराष्ट्रात फार नाहीत.

१९८४ चं उदाहरण तर सांगण्यासारखंच. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या त्या निवडणुकीत काँग्रेसनं देशभर चारशेच्या वर जागा जिंकल्या. कुलाब्यानं मात्र दि. बा. पाटील निवडून दिले. त्याच वर्षाच्या जानेवारीत न्हावा-शेवा बंदर आणि नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यावरून उरणकडे, जासईच्या परिसरात आंदोलन पेटलं होतं, गोळीबारात पाच जण गेले होते. दिल्लीच्या दुःखापेक्षा जासईचं दुःख इथल्या लोकांना जवळचं होतं.

पुढे बॅ. अंतुले १९८९, १९९१, १९९६ अशा तीन वेळा जिंकले. १९९८ आणि १९९९ ला शेकापचे रामशेठ ठाकूर. २००४ ला पुन्हा अंतुले. अंतुल्यांनीच मुख्यमंत्री असताना १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड केलं होतं. लोकसभेच्या यादीतून 'कुलाबा' जायला मात्र २००८ ची पुनर्रचना लागली. सत्तावीस वर्षं लोक रायगडात राहत आणि कुलाब्यात मत देत.

या सगळ्या उलथापालथीत एक गोष्ट ठळक दिसते. शेकाप जिथे उभा राहिला किंवा ज्याच्या पाठीशी उभा राहिला, तिथे निकालाची दिशा ठरली, किंवा निदान बिघडली. या पक्षाचं मूळ चरीच्या शेतकरी संपापर्यंत जातं. अलिबागजवळ १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं कुळांनी जमिनी पडीक ठेवल्या होत्या. अलिबाग-पेणच्या खारभूमीत लाल बावट्याची मतं घरातल्या देव्हाऱ्यासारखी पिढ्यानुपिढ्या सांभाळली गेली. महाड-पोलादपुरात हा बावटा तेवढा रुजला नाही. इथे काँग्रेस, मग नव्वदीत प्रभाकर मोऱ्यांची शिवसेना, २००४ ला राष्ट्रवादीचे माणिक जगताप, २००९ पासून भरत गोगावले, असा प्रवास झाला. पण लोकसभेला अलिबागची मतं आणि महाडची मतं एकाच तागडीत पडतात.

२००९ ला शेकाप शिवसेनेबरोबर होता. नव्या रायगड मतदारसंघात गीत्यांना ४,१३,५४६ आणि अंतुल्यांना २,६७,०२५ मतं मिळाली. फरक १,४६,५२१. मुख्यमंत्री राहिलेल्या, चार वेळा इथूनच लोकसभेवर गेलेल्या माणसाचा असा पराभव झाला.

आता २०१४ ची मांडणी पाहू. मतदान झालं २४ एप्रिलला. त्या वेळी सहा विधानसभांचे आमदार असे होते: पेण आणि अलिबाग शेकापकडे, महाड आणि दापोली शिवसेनेकडे, श्रीवर्धन आणि गुहागर राष्ट्रवादीकडे. श्रीवर्धनचे आमदार खुद्द तटकरे होते, राज्याचे जलसंपदामंत्रीही होते. दोन, दोन आणि दोन. कुणी मुद्दाम वाटणी करायला बसलं असतं तरी इतकी चोख झाली नसती.

या वेळी शेकाप शिवसेनेपासून दूर झाला आणि चिपळूणचे माजी आमदार रमेश कदम यांना त्यानं मैदानात उतरवलं. कदमांना १,२९,७३० मतं पडली. गीत्यांची मतं पाच वर्षांत, आणि तीही मोदी लाटेत, १७,३६८ नी घटली. तटकऱ्यांनी अंतुल्यांपेक्षा १,२७,०४३ मतं जास्त घेतली. दीड लाखाचा फरक पाण्यात गेला, उरले २,११०. कदमांच्या शंभर मतदारांतल्या दोघांनी तटकऱ्यांना मत द्यायचं ठरवलं असतं, तरी निकाल उलटा लागला असता.

पण महाड-पोलादपूरच्या नाक्यांवर या निकालाची आठवण निघते ती कदमांमुळे नव्हे. ती निघते यंत्रावरच्या दुसऱ्या सुनील तटकऱ्यांमुळे.

अपक्षांच्या यादीत आणखी एक सुनील तटकरे होते. आडनाव तेच, नाव तेच, वडिलांचं नाव तेवढं वेगळं. त्यांना ९,८४९ मतं मिळाली. पन्नासच्या हिशेबानं जवळपास एकशे सत्त्याण्णव गाड्या. फरकाच्या साडेचारपटीहून जास्त. नामसाधर्म्याचा हा डाव रायगडला नवा नाही, पण त्याची अशी खणखणीत किंमत क्वचितच चुकवावी लागली असेल. यातली सगळी मतं चुकून पडली असं म्हणता येणार नाही. कुठल्याही अपक्षाला काही मतं मिळतातच. पण दर पाचांतल्या एकाहून थोडे जास्त मतदार जरी घड्याळ शोधता शोधता चुकीच्या तटकऱ्यांवर थांबले असतील, तरी खासदारकी तिथेच सांडली असं म्हणावं लागतं.

यात यंत्राचीही थोडी भूमिका आहे. मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार येतात, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, शेवटी अपक्ष. प्रत्येक गटात वर्णानुक्रम. म्हणजे पक्षाचे तटकरे वरच्या बाजूला आणि अपक्ष तटकरे खाली. वाचता येणारा वरून खाली येताना पहिल्याच तटकऱ्यांवर थांबेल. चिन्ह ओळखणारा घड्याळावर थांबेल. घोटाळा होतो तो अर्धं वाचणाऱ्याचा, किंवा 'खाली बघा, तटकरे आहे' असं कुणी कानात सांगितलेल्याचा. त्यातच २०१४ च्या मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो नव्हता. फोटो छापण्याचा आदेश निवडणूक आयोगानं २०१५ मध्ये काढला, तो १ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांना लागू झाला. रायगडसाठी तो एक वर्ष उशिरा आला.

शिवाय 'वरीलपैकी कोणीही नाही'. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर हे बटण लोकसभेला पहिल्यांदाच आलं होतं. रायगडात ते २०,३६२ जणांनी दाबलं. कोणीच नको म्हणणारे, फरकाच्या जवळपास दहापट.

थोड्या मतांनी पारडं फिरतं असं म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे एक विचारी मतदार येतो. तो रात्रभर तळमळतो, सकाळी उठून आपलं मत बदलतो. रायगडच्या आकड्यांत असा माणूस शोधून सापडत नाही. इथे मतं तीन तऱ्हांनी हलताना दिसतात. एक, गठ्ठ्यानं: शेकापसारखा पक्ष बाजू बदलतो तेव्हा. दोन, सांडून: नाव सारखं, चिन्ह सारखं, किंवा 'कोणीही नाही'. आणि तीन, वाट चुकून, म्हणजे केंद्रापर्यंत न पोचल्यामुळे. महाड-पोलादपुरातली खरी कथा या तिसऱ्या तऱ्हेची आहे.

या दोन तालुक्यांतल्या घरांना गेली शंभर-सव्वाशे वर्षं मुंबईनं पोसलं आहे. गिरण्या, गोदी, बेकऱ्या, कार्यालयं, टॅक्सी. गावात म्हातारी माणसं, मुंबईत कमावती. पोलादपूरच्या डोंगरातल्या कित्येक वाड्यांवर शिमगा आणि गणपती सोडले तर बंद घरांचीच रांग दिसते. कायद्यानं एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघाच्या यादीत असू शकतं. म्हणून चाकरमान्याला निवडावं लागतं: मत मुंबईत ठेवायचं की गावी? बरेच जण गावी ठेवतात. घर तिथे, जमीन तिथे, देव तिथे, आणि ग्रामपंचायतीला आपला माणूस निवडून आणायचा तर मत तिथेच लागतं. मग लोकसभेच्या वेळी प्रश्न येतो तो गाडीभाड्याचा आणि रजेचा.

मतदान एप्रिल-मे महिन्यांत. लग्नसराई, आंबा, शाळांच्या सुट्ट्या, आणि पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या याच डोंगरांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्या. लग्न मतदानाच्या आदल्या दिवशी असलं तर वरातीबरोबर मतं येतात, आठवडाभर आधी असलं तर परत जातात. मुंबईतल्या गावमंडळाची बैठक, गावकीची बैठक, कुठल्या पक्षानं साकव दिला आणि कुणी पाखाडी, सभामंडप कुणाच्या निधीतला, याची चर्चा. त्यातून एखादी वाडी जवळजवळ एकगठ्ठा एकीकडे जाते. म्हणूनच इथले कार्यकर्ते टक्क्यांत बोलत नाहीत. ते विचारतात, 'मुंबईकर किती आले?' आणि मग बूथचं लीड सांगतात. एक भरलेली बस म्हणजे एका बूथचा निकाल. २०१४ ला मुंबई आणि रायगडचं मतदान एकाच दिवशी होतं. २०१९ ला रायगड २३ एप्रिलला आणि मुंबई २९ ला. २०२४ ला रायगड ७ मे आणि मुंबई २० मे. या तारखांचा परिणाम कुणी मोजलेला नसला, तरी वेळापत्रक जाहीर झालं की महाडच्या पक्ष कार्यालयांत पहिलं बोट कॅलेंडरवरच पडतं.

आणखी एक वर्ग कायम गावाबाहेर असतो. महाड तालुक्यात आंबवडे नावाचं गाव आहे; त्याला फौजी आंबवडे म्हणतात. पहिल्या महायुद्धापासून घरोघरी सैनिक देणाऱ्या या गावासारखी गावं जिथे आहेत, तिथे टपाली मतांना वजन असतं. सीमेवरचा जवान आपलं मत गावच्या यादीतच ठेवू शकतो आणि टपालानं पाठवतो. अलीकडे मतपत्रिका त्याला इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं मिळते. ही मतं संख्येनं थोडी असतात म्हणून सभेत कुणी त्यांचा उल्लेख करत नाही.

टपाली मतं काय करू शकतात ते ४ जून २०२४ ला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये दिसलं. यंत्रांवरच्या मोजणीत ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर शिंदे गटाच्या रवींद्र वायकरांपेक्षा एका मतानं पुढे होते. एका. टपाली मतांत वायकरांना ४९ जास्त पडली आणि ते ४८ मतांनी खासदार झाले. गोरेगाव-जोगेश्वरीच्या त्या निकालाचा हिशेब आपल्या मापानं करायचा तर एक एसटी, तीही दोन आसनं रिकामी.

बरोबरीच झाली तर? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६५ व्या कलमानुसार चिठ्ठी टाकली जाते, आणि ज्याच्या बाजूनं चिठ्ठी निघेल त्याला एक मत जास्त मिळालं असं धरलं जातं. लोकसभेला अजून ती वेळ आलेली नाही, पण जवळपास जाऊन आलेले आहेत. १९८९ ला आंध्रातल्या अनकापल्लीत आणि १९९८ ला तेव्हाच्या बिहारमधल्या राजमहलमध्ये प्रत्येकी नऊ मतांनी निकाल लागला. २०१४ ला लडाखमध्ये ३६. ब्रिटनमध्ये २०१७ साली स्कॉटलंडच्या नॉर्थ ईस्ट फाइफची जागा अवघ्या दोन मतांनी ठरली. बीबीसीच्या निकालरात्रीच्या कार्यक्रमात लंबकासारखं एक साधन दाखवतात, एका पक्षाकडून दुसऱ्याकडे किती टक्के मतं सरकली की किती जागा फिरतात ते सांगणारं. दोन पक्षांच्या सरळ लढतीला ते बरं. रायगडात तो लंबक टांगायचा कुठे? इथे शेकाप आहे, दुसरा तटकरे आहे आणि न आलेली बस आहे.

२०१४ च्या त्या उन्हाळ्यानंतर पाच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली. तटकऱ्यांच्या श्रीवर्धनमध्ये त्यांचे पुतणे अवधूत तटकरे उभे होते, समोर शिवसेनेचे रवी मुंडे. अवधूत जिंकले ७७ मतांनी. दीड गाडी. लोकसभेला दोन हजारांनी गेलेलं घर विधानसभेला पाऊणशेवर राखलं. असा योगायोग एखाद्या लेखकानं कादंबरीत रचला असता तर संपादकानं खोडला असता.

आंबेनळी घाट चढून पलीकडे गेलं की सातारा मतदारसंघ लागतो. तिथे २०२४ ला नामसाधर्म्याच्या जागी चिन्हसाधर्म्य आलं. शरद पवार गटाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. एका अपक्षाला मिळालेलं चिन्ह पिपाणीसारखं वाद्य, चिन्हांच्या यादीत त्या वाद्याचं नावही तुतारी. उदयनराजे भोसले शशिकांत शिंद्यांपुढे ३२,७७१ मतांनी जिंकले आणि त्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. रायगडच्या २०१४ चीच आवृत्ती, घाटमाथ्यावरची. दिंडोरीत पिपाणीवाल्या अपक्षाचं आडनावही उमेदवाराचंच होतं आणि त्याला लाखाच्या वर मतं गेली. तिथे भास्कर भगरे तरीही निवडून आले, कारण फरक तेवढा मोठा होता. म्हणजे युक्ती दोन्हीकडे सारखीच. ती लागू पडते ती फक्त काठावर. त्याच निवडणुकीत महाराष्ट्रभर दोन्ही आघाड्यांच्या मतांच्या टक्केवारीत टक्काभराचंही अंतर नव्हतं, आणि जागा मात्र एकीकडे ३० आणि दुसरीकडे १७.

रायगडात २०१९ ला शेकापनं पुन्हा बाजू बदलली. या खेपेला तो तटकऱ्यांबरोबर होता. तटकऱ्यांना ४,८६,९६८, गीत्यांना ४,५५,५३०. गीत्यांची स्वतःची मतं २०१४ च्या मानानं ५९,३५२ नी वाढली आणि ते ३१,४३८ नी हरले. पावणेचार-चार लाखांत जिंकलेला माणूस साडेचार लाखांत हरतो, हे ज्याला कळलं त्याला हा मतदारसंघ कळला. यादीत नावाचे जोडीदार याही वेळी होते, पण मतपत्रिकेवर फोटो आले होते आणि फरक त्यांच्या आवाक्याबाहेर गेला होता.

मग २०२२ आलं. शिवसेना फुटली आणि महाडचे आमदार भरत गोगावले एकनाथ शिंद्यांबरोबर गेले. शिंदे गटाचे प्रतोद म्हणून त्यांची झालेली नेमणूक ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बेकायदेशीर ठरवली, तेव्हा महाडचं नाव दिल्लीच्या निकालपत्रात आलं. त्याच २०२३ मध्ये राष्ट्रवादीही फुटली, तटकरे अजित पवारांबरोबर गेले. परिणाम असा, की ज्या महाडात दहा वर्षं गोगावल्यांची माणसं गीत्यांसाठी चाकरमान्यांच्या गाड्यांची वाट पाहत होती, तिथे २०२४ ला तीच माणसं घड्याळासाठी उभी राहिली. शेकाप परत गीत्यांकडे. सगळे मोहरे पटावर तेच, घरं मात्र अदलाबदल केलेली. तटकरे ५,०८,३५२, गीते ४,२५,५६८, फरक ८२,७८४. या वेळी फरक एवढा होता की सांडलेल्या मतांचा हिशेब कुणी मागितला नाही.

सांडण्याची सोय मात्र करून ठेवलेली होती, आणि या खेपेस उलट्या बाजूनं. अपक्षांच्या यादीत आणखी दोन अनंत गीते होते. पोलादपूरच्या एखाद्या वाडीवरची, उभं आयुष्य एकच चिन्ह पाहून मत दिलेली म्हातारी ७ मे रोजी यंत्रापुढे उभी राहिली असेल, तर तिला त्यावर अनंत गीते तीन दिसले असतील, फोटोसकट. एका गीत्यांपुढे मशाल होती. धनुष्यबाण एकापुढेही नव्हता.